ओढतं कोण?

ठिबकच्या शेतात एक तक्रार हमखास कानावर येते: "व्हेंचुरी खत ओढत नाही." व्हेंचुरी म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत मिसळणारी, मध्ये अरुंद गळा असलेली नळी; गळ्याला जोडलेली एक बारीक नळी खताच्या बादलीत सोडतात. मोटर चालू असते, पाणी फिल्टरमधून जात असतं, ड्रिपर टपकत असतात, आणि बादलीतलं १९:१९:१९ या विद्राव्य खताचं द्रावण मात्र जिथल्या तिथं. कधी तर त्याहून वाईट. बादली रिकामी व्हायची सोडून भरत जाते. लाइनमधलं पाणीच उलटं बादलीत येतं. मग व्हेंचुरी खराब ठरते. नवी आणली जाते. तीही ओढत नाही.

या तक्रारीतला 'ओढत' हा शब्दच मुळात चकवा देतो. दोर ओढतो, बैल ओढतात, कारण तिथं धरायला काहीतरी असतं. पाण्याला आणि हवेला असं धरून ओढणं जमत नाही. त्यांना येतं ते फक्त ढकलणं. स्ट्रॉने शहाळ्यातलं पाणी वर येतं तेव्हा आपण तोंडातली हवा थोडी कमी करतो, एवढंच. पाण्याला वर चढवते ती शहाळ्याच्या तोंडातून आत दाबणारी बाहेरची हवा. व्हेंचुरीतही हेच घडतं. बादलीच्या पृष्ठभागावर स्थिर हवा बसलेली असते आणि ती दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार देत असते. व्हेंचुरीच्या गळ्यातला दाब त्याखाली उतरला, तर ही हवा खताला नळीतून वर ढकलते. उतरला नाही, तर कितीही चांगल्या कंपनीची व्हेंचुरी बसवा, खत हलणार नाही.

हे एकदा मनात पक्कं झालं की बिघाड शोधायची दिशाच बदलते. सगळ्यांचं लक्ष गळ्याकडे असतं. बिघाड बहुतेक वेळा गळ्यात नसतोच.

आधी गळ्यात काय होतं ते जवळून पाहू. पाइपचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि गळ्याचा ८ मिलिमीटर, असं धरू. व्यास तिपटीहून थोडा जास्त कमी झाला, म्हणजे वाट जवळजवळ दहापट अरुंद झाली. पाणी दाबून लहान होत नाही. जेवढं पाणी मागून येतं तेवढंच गळ्यातून त्याच वेळात जायला हवं, म्हणून त्याला दहापट वेगाने जावं लागतं. मिनिटाला ४५ लिटर पाणी जात असेल तर पाइपमध्ये वेग सेकंदाला दीड मीटर पडतो आणि गळ्यात सुमारे १५ मीटर. दीडवरून पंधरावर जायला पाण्याला पुढच्या दिशेने जोर लागतो. तो कुठून येतो? मागचा दाब जास्त आणि पुढचा कमी, या फरकातून. या उदाहरणात तो फरक साधारण १.१ किलो भरतो. शेतावरच्या बोलीत किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, आणि दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाबही जवळजवळ तेवढाच.

"वेग वाढला की दाब कमी होतो" हे वाक्य शाळेत पाठ होतं, आणि त्यातून वेगाच्या अंगी दाब खाण्याची काही शक्ती आहे असा समज होतो. मला ते वाक्य उलटीकडून जास्त पटतं. पुढे दाब कमी असतो म्हणूनच पाणी वेग घेतं, आणि वेग घेतलेलं पाणी पुढच्या रुंद भागात शिरून मंदावतं तेव्हा दाब परत चढतो. दाब आणि वेग ही एकाच ऊर्जेची दोन खाती. एकातून काढलं की दुसऱ्यात जमा होतं, आणि वाटेत घर्षणाची वजावट होते.

प्रवेशाच्या बाजूच्या दाबाच्या मीटरवर १ किलो दिसत असेल आणि गळ्यात १.१ किलोची घट होत असेल, तर गळ्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित खाली जातो. मीटरचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, हे इथं लक्षात हवं. फरक साधारण ०.१२ किलोचा पडतो. एवढ्यावर पाणी एक मीटरभर वर चढतं, खताचं दाट द्रावण त्याहून थोडं कमी. म्हणजे बादली जमिनीवर आणि व्हेंचुरी कमरेच्या उंचीवर असेल तर काम जेमतेम होतं.

आता मिनिटाचा प्रवाह ४५ऐवजी ३६ लिटर झाला असं धरू. कमी झाला तो फक्त पाचवा हिस्सा. पण गळ्यातली दाबाची घट वेगाच्या वर्गाने चालते, त्यामुळे ती १.१वरून ०.७च्या आसपास येते. प्रवेशाचा दाब तोच १ किलो राहिला तर गळ्यात आता बाहेरच्या हवेपेक्षा पाव किलोहून जास्त दाब आहे. खत वर चढणं बाजूलाच राहिलं, पाणी बादलीत उतरणार. व्हेंचुरी तीच आहे, मोटरही तीच, फरक फक्त पाचव्या हिश्शाचा.

प्रवाह का घटला? इथं पुढच्या बाजूला जाऊन बघावं लागतं. व्हेंचुरीनंतरचा स्क्रीन फिल्टर शेवाळाने किंवा गाळाने चोंदला असेल. प्लॉटचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडला असेल. एरवी दोन प्लॉट एकत्र चालत असतील आणि आज एकच चालू असेल. ड्रिपर क्षाराने बुजले असतील. या प्रत्येक कारणाने बाहेर पडण्याच्या बाजूचा दाब वाढतो, प्रवेश आणि निर्गम यांतला फरक मरतो, आणि गळ्याला वेग मिळत नाही. व्हेंचुरीला चालायला प्रवेशाच्या दाबाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा खर्च करावा लागतो, काही बनावटीत त्याहून जास्त. ती फुकट काम करत नाही. म्हणूनच ती मेन लाइनवर थेट न बसवता बायपासवर बसवतात. मेन लाइनवर दोन टी (तीन तोंडांचे जोड), दोन्ही टींच्या मध्ये एक व्हॉल्व्ह, आणि बायपासवर व्हेंचुरीच्या अलीकडे-पलीकडे एकेक बॉल व्हॉल्व्ह. मधला व्हॉल्व्ह जसा आवळत जावा तसा दोन टींमधला फरक वाढतो आणि जास्त पाणी बायपासने वळतं. व्हेंचुरीच्या अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेला हवा. गळ्याच्या पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब आणि हळूहळू रुंद होत जाणारा असतो; दाब परत मिळतो तो तिथेच, आणि उलटी बसवली की ती परतफेड बुडते. जागा सॅण्ड फिल्टरनंतर आणि स्क्रीन फिल्टरच्या आधी. म्हणजे न विरघळलेला खडा ड्रिपरपर्यंत न जाता जाळीत अडकतो.

तपासणीची एक सोपी रीत आहे. पाणी चालू असताना व्हेंचुरीची सक्शन नळी काढा आणि त्या तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा आत खेचल्यासारखा वाटला तर गळा ठणठणीत आहे. दोष नळीत, तिच्या चाळणीत किंवा आतल्या एकमार्गी झडपेच्या गोळीत. अंगठ्याला पाण्याचा धक्का बसला तर पुढची बाजू तुंबली आहे किंवा मधला व्हॉल्व्ह फार उघडा आहे. अंगठ्याला दोन्हीपैकी काहीच जाणवत नसेल तर गळ्यातला दाब बाहेरच्या हवेइतकाच आहे, प्रवाह थोडा कमी पडतोय. नळी पारदर्शक असेल तर तिच्यात चढणारे बुडबुडेही खूप सांगतात. जोडाशी हवा शिरत असेल तर स्थिर हवेला खताच्या वजनापेक्षा तो जोडच सोपा रस्ता वाटतो. क्लिप आवळा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा.

आणखी एक चूक चटकन ध्यानात येत नाही. कचरा पडू नये म्हणून खताच्या ड्रमचं झाकण घट्ट लावतात. सुरुवातीला काही लिटर खत जातं, मग वेग मंदावतो, मग थांबतं. ढकलणारी हवाच झाकणाबाहेर अडकलेली असते. झाकणाला एक भोक पुरतं.

गळ्यातून सतत कडकड आवाज येत असेल, आत वाळू वाहत असल्यासारखा, तर दाब इतका खाली गेला आहे की पाण्याची साध्या तापमानालाच वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि पुढे दाब चढताच फुटतात. हे चालू राहिलं तर गळ्याची भिंत खरवडली जाते. मधला व्हॉल्व्ह थोडा उघडावा. गळा बुजण्याचं नेहमीचं कारण मात्र बादलीतच तयार होतं. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटचं खत एकाच बादलीत कालवलं की पांढरा साका बसतो. तो गळ्यात बसतो, तिथून सुटला तर ड्रिपरमध्ये. ही खतं वेगळ्या दिवशी द्यायची, किंवा मध्ये साधं पाणी सोडायचं.

ज्याचं नाव या उपकरणाला मिळालं तो जोव्हान्नी व्हेंचुरी इटालियन. अरुंद-रुंद नळ्यांमधल्या पाण्यावरचं त्याचं काम १७९७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याने खतही ओढलं नाही आणि मीटरही बनवला नाही. क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन अभियंत्याने १८८०च्या दशकात मोठ्या जलवाहिनीतला प्रवाह मोजायला अशी नळी वापरली आणि जुन्या अभ्यासकाचं नाव तिला दिलं. त्यामागचं गणित डॅनियल बर्नुलीचं, १७३८चं. वाहत्या पाण्याच्या नळाच्या भिंतीला बारीक उभी नळी जोडायची आणि तिच्यात पाणी किती चढतं ते पाहायचं, ही त्याची रीत; वाहत्या पाण्याचा दाब तिने डोळ्यांना दिसतो. त्याच्या वडिलांनी, योहानने, त्याच विषयावरचं आपलं पुस्तक पुढे काढलं आणि त्यावर १७३२ साल घातलं, म्हणजे मुलाच्या आधीचं. आज बर्नुलीचं समीकरण म्हणून जे शिकवतात ते त्या रूपात लिहिलं लिओनार्ड ऑयलरने.

विहिरीवरच्या मोटरची गोष्टही या हवेपाशीच येते. मोटर पाण्याला वर खेचते असं वाटतं, पण सक्शन पाइपमधून पाणी चढवते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी हवा. समुद्रसपाटीला तिची ताकद १०.३ मीटरपर्यंतच. नाशिक-पुण्याच्या उंचीवर त्यातलाही अर्ध्या मीटरहून जास्त भाग जातो. प्रत्यक्षात घर्षण आणि वाफ धरून सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. पाणी खोल गेलं की जेट पंपाला दोन पाइप सोडतात. एका पाइपने मोटर थोडं पाणी परत खाली पाठवते, ते तळाशी बारीक तोंडातून वेगाने सुटतं, आणि विहिरीतलं पाणी त्या कमी दाबाच्या जागी आत ढकललं जाऊन दुसऱ्या पाइपने वर येतं. व्हेंचुरीच ती, फक्त पाण्याखाली ठेवलेली.

आता स्वयंपाकघर. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवरचा रेग्युलेटर गॅस सोडतो तो दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम दाबाने. फारच कमी, तीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढा. पण गॅस पाण्याच्या तुलनेत इतका हलका असतो की एवढ्याशा दाबानेही तो जेटच्या मिलिमीटरपेक्षा बारीक भोकातून सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने बाहेर पडतो. म्हणजे ताशी १८० किलोमीटर, बर्नरखालच्या त्या नळीत. हा झोत बर्नरच्या मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरतो आणि शेजारची हवा आपल्याबरोबर नेतो. इथं थोडं काटेकोर बोलायला हवं. मोकळ्या हवेत सुटलेल्या झोतातला दाब आजूबाजूच्या हवेइतकाच असतो. तो हवा नेतो ते कडेच्या थरांना घासून, मिसळून. मग ट्यूबमध्ये मिश्रण मंदावतं, पुढे दाब चढतो, आणि त्या मानाने तोंडापाशी दाब कमी राहतो. बाहेरची हवा आणखी आत ढकलली जाते. घर्षण आणि बर्नुली दोघं मिळून हे काम करतात.

एक लिटर गॅस पूर्ण जळायला पंचवीस-तीस लिटर हवा लागते. त्यातली बरीचशी या वाटेने आधीच मिसळावी लागते, उरलेली ज्योतीभोवतीची. मिसळलेली हवा पुरेशी असेल तर ज्योत निळी, आतला शंकू स्पष्ट. कमी पडली तर पिवळी, आणि पातेल्यांच्या बुडाला काजळी.

पिवळी ज्योत दिसली की बहुतेक जण जेटमध्ये सुई घालतात. ही चूक करू नये. जेट पितळेचा असतो, सुईने भोक मोठं होतं. मोठ्या भोकातून गॅस जास्त येतो, पण त्या प्रमाणात हवा येत नाही. ज्योत मोठी होते आणि आणखी पिवळी. आधी बघायची ती बाहेर पडायची वाट, म्हणजे बर्नरची भोकं. उतू गेलेलं दूध, वरणाचा फेस, डोशाचं पीठ त्यांत जाऊन करपतं. निर्गम अरुंद झाला की ट्यूबमध्ये मागचा दाब चढतो आणि झोत हवा घेईनासा होतो. चोंदलेल्या स्क्रीन फिल्टरची आणि या बर्नरची गोष्ट तंतोतंत एक आहे. फार चोंदलं तर गॅस हवेच्या खिडकीतून मागे येतो आणि जेटपाशीच पेटतो. असं दिसलं तर लगेच नॉब आणि रेग्युलेटर बंद करायचा.

साफ करताना रेग्युलेटर बंद, बर्नर थंड. वरची टोपी काढून साबणाच्या गरम पाण्यात ठेवायची, भोकं काडीने मोकळी करायची आणि पूर्ण वाळू द्यायची. आत पाण्याचा थेंब राहिला तरी ज्योत अडखळते. मग खालून मिक्सिंग ट्यूबमध्ये डोकवा. शेगडी काही आठवडे बंद असेल तर तिथं कोळ्याचं जाळं सापडण्याची शक्यता मोठी. पाइपच्या गॅसवर शेगडी बदलून घेतात तेव्हा जेटही बदलतात, कारण नैसर्गिक वायू हलका आणि त्याच्या लिटरमागे उष्णता कमी, म्हणून भोक मोठं लागतं. तीच शेगडी गावाला नेऊन सिलिंडरवर लावली आणि जेट तेच राहिले, तर पिवळी, धुरकट ज्योत ठरलेलीच.

चुलीपुढची फुंकणी याच कुळातली. तिचं तोंड निखाऱ्यात खुपसून फुंकलं तर फक्त छातीतली हवा जाते आणि राख उडते. दोन-चार बोटं मागे धरून फुंकलं तर झोत वाटेतली हवा सोबत नेतो आणि जाळ लवकर धरतो. पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या हाताला हे अंतर माहीत होतं.

ओठांखाली कागदाची पट्टी धरून वरून फुंकायचं, पट्टी उचलली जाते, "बघा, बर्नुली" असं म्हणायचं, हा शाळेतला प्रयोग मात्र मला खटकतो. वर सांगितलं तसं, मोकळ्या झोतातला दाब आपोआप कमी नसतो. पट्टी उचलली जाते कारण झोत तिच्या बाकाला चिकटून वळतो, आणि वळणाऱ्या हवेच्या आतल्या बाजूला दाब कमी असावाच लागतो. विमानाच्या पंखाबाबतही वरची हवा आणि खालची हवा एकाच वेळी मागच्या कडेला पोचते म्हणून वरची पळते, असं सांगतात. तसं काही बंधन हवेवर नाही. वरची हवा खरं तर आधीच पोचते. पंख हवेला खाली वळवतो, आणि त्या वळण्यातूनच वरचा कमी दाब आणि जास्त वेग दोन्ही येतात. मुलांना हे सांगायला कठीण नाही. चुकीचं सोपं सांगण्यापेक्षा बरोबरचं थोडं लांबलं तर लांबू द्यावं.

हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या नव्याने बनायच्या थांबल्या, १ एप्रिल २०२०ला धुराचे बीएस-६ नियम आल्यापासून दुचाक्यांतही इंजेक्शन आलं. पण रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत. त्यातही गळाच. इंजिन हवा घेतं, गळ्यात दाब उतरतो, आणि फ्लोट चेंबर या छोट्या वाटीतल्या पेट्रोलवर बसलेली हवा पेट्रोलला जेटमधून वर ढकलते. गाडी मंद चालत असताना हवेचा वेग निम्मा झाला तर दाबातली घट चौथाईवर येते, मेन जेटला पेट्रोल उचलवत नाही. म्हणून निराळा पायलट जेट ठेवावा लागतो. आणि इथंही ढकलणारी बाजू विसरली जाते. धुळीने किंवा गंजाने टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र बुजलं की गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते. झाकण उघडताना फुस्स होतं, गाडी सुरू होते, पुन्हा काही किलोमीटरवर बंद. कार्ब्युरेटर दोनदा खोलला जातो, आणि दोष मात्र झाकणाच्या त्या छिद्रात.

घरातल्या आजारी माणसाच्या उशाशीही हाच नियम काम करतो. नेब्युलायझरच्या कपात मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा बारीक भोकातून सुटते आणि औषध त्या झोतात चढून फुटतं, धुकं होतं. कप उभा धरावा लागतो. आडवा झाला की औषधापासून नळीचं तोंड सुटतं आणि नुसती हवा येते. ऑक्सिजनच्या व्हेंचुरी मास्कला बाजूने खिडक्या असतात. ठरावीक झोत ठरावीक हवा आत घेतो आणि २४ किंवा २८ टक्के असं नेमकं मिश्रण रुग्णाला मिळतं. थंडी वाजते म्हणून पांघरूण वर ओढलं आणि त्या खिडक्या झाकल्या गेल्या, की हवा कमी शिरते आणि ऑक्सिजनचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवलेल्यापेक्षा वाढतं. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या काही रुग्णांना हे बाधू शकतं. उशाशी बसणाऱ्याने एवढं एक बघत राहावं.

सगळ्यात मोठं नुकसान या नियमाने होतं ते छपरावर. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात माडा-पोफळींबरोबर किती घरांची छपरं गेली हे कोकणाने पाहिलं. वाऱ्याने पत्रे उडवले असं आपण म्हणतो. पत्रा उचलते ती खरं तर घरातली हवा. वारा भिंतीला आपटून छपरावरून वळतो तेव्हा वरचा दाब उतरतो. आतली हवा मात्र तशीच असते, आणि ती पत्र्याला खालून वर ढकलते.

हा जोर किती? वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ने गुणायचं, दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, पुण्यासाठी ३९. चव्वेचाळीसला उत्तर येतं सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरवर ११८ किलोचा जोर. दहा फूट बाय तीन फुटांच्या पत्र्यावर तो सव्वातीनशे किलोच्या आसपास जातो. पत्र्याचं स्वतःचं वजन दहा-पंधरा किलो. त्यावर दहा-दहा किलोचे सहा दगड ठेवले तर साठ किलो. पावसाच्या तोंडावर ठेवलेले दगड, जुने टायर, वाळूच्या गोण्या साध्या वाऱ्याला पुरतात. वादळात तेच दगड माणसांच्या अंगावर येतात. छपराच्या कोपऱ्यांत आणि कडांना जोर मधल्या भागापेक्षा बराच जास्त असतो, आणि पत्रा सुटतो तो नेहमी तिथून. म्हणून वळचणीला, टोकांना आणि आढ्याशी जे-बोल्ट जवळजवळ हवेत, वॉशरसह, पत्र्याच्या उंचवट्यावर. बोल्ट पत्र्याला वाश्याशी बांधतो. पण वासा भिंतीशी बांधलेला नसेल तर पत्रा वाश्यासकट जातो. भिंतीत खोलवर गाडलेली लोखंडी पट्टी वाश्यावरून वळवून बसवली तर हा जोर पायापर्यंत उतरतो. बहुतेक घरांत नेमकी हीच कडी नसते.

वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली तर आतला दाबही वाढतो. वर उतरलेला दाब आणि खाली चढलेला दाब, दोन्हींची बेरीज पत्र्यावर येते. त्या बाजूच्या झडपा वादळाआधी आडणे घालून पक्क्या करणं हे छपराचंच काम आहे.

मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला चाळीसेक किलो भरतं. त्याच्या सांध्यांतून आतली हवा वर निसटत राहते, त्यामुळे आतल्या-वरच्या दाबातला फरक पूर्ण साठत नाही. कौलंही उडतात, निसर्गमध्ये खूप उडाली, पण ती एकेक करून जातात. पत्र्यात हवेला निसटायला फट नसते. गेला तर अख्खा जातो. कोकणातल्या जुन्या घरांचं तीव्र उताराचं छप्पर पावसासाठी घेतलेलं, पण वाऱ्यालाही ते बरं. उतार तीस अंशांच्या वर गेला की वाऱ्याकडच्या बाजूला उचलण्याऐवजी दाबणारा जोर पडू लागतो. आताच्या शेडना उतार नाममात्र असतो, आणि बोल्ट तर मोजकेच.

शेतातली बादली एव्हाना तळाला आली असेल. शेवटचे दोन-तीन लिटर उरले की जवळ उभं राहायचं. नळीचं तोंड उघडं पडलं की हवा द्रावणासारखीच आत जाते. नळी गुरगुरते आणि लाइनमध्ये हवेचे गोळे धावतात. गुरगुर सुरू व्हायच्या आत बादलीत तांब्याभर साधं पाणी ओतायचं, म्हणजे नळी आणि गळा आतून धुतला जातो. मग आधी सक्शनची चावी बंद, मग मधला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, शेवटी बायपासच्या दोन्ही चाव्या बंद. मोटर लगेच थांबवायची नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी जाऊ द्यायचं, लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपरच्या नळीच्या, टोकाला हातावर घेतलेल्या पाण्याला खताचा वास यायचा थांबेपर्यंत.